रविवार पुरवणीच्या लेखांसाठी छायाचित्रं आणि चित्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुरवणीची पानं लावणारे उपसंपादक, बाहेरून लिहिणारे लेखक आणि वर्तमानपत्राचं काम नव्यानं घेणारे चित्रकार यांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. मापं आठ कॉलमच्या मोठ्या पानाची आहेत: एक कॉलम सुमारे ४ सेंमी, पूर्ण रुंदी सुमारे ३३ सेंमी. तुमच्या पानाचं माप थोडं इकडेतिकडे असेल, हिशेब तोच राहतो.

फोटोचा विचार कधी सुरू करायचा?

लेख ठरतो त्याच दिवशी. रविवारची पानं साधारण गुरुवार-शुक्रवारी छपाईला सुटतात. मजकूर बुधवारी रात्री हातात आल्यावर फोटो शोधायला बसलात, तर मिळतो तो कुठेही चालेल असा फोटो, म्हणजे खरं तर कुठेच न चालणारा. लेखकाला लेख सांगतानाच तीन गोष्टी विचारून घ्या: तुमच्याकडे कोणते फोटो आहेत, ते कोणी काढले आहेत आणि फोटोतल्या माणसांना ते छापले जाणार हे माहीत आहे का. तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात, आणि सोमवारी फोन येतो तो त्यावरूनच.

जाहिरातींची डमी, म्हणजे पानावर जाहिराती कुठे येणार याचा आराखडा, आली की उरलेली जागा कळते. ती यायच्या आधीच एक आडवा आणि एक उभा असे दोन पर्याय तयार ठेवा. ऐन वेळी तळाला जाहिरात आली की आडव्या फोटोचा बळी जातो, आणि उभा पर्याय नसेल तर पान लावणारा ऑपरेटर आहे तोच फोटो दोन्ही बाजूंनी कापून मोकळा होतो.

फोटो घ्यावा की चित्र काढून घ्यावं?

लेखात प्रत्यक्ष माणूस, जागा, वस्तू किंवा घटना असेल तर फोटो. वाचकाला ती गोष्ट बघायची असते. पैठणीवर लेख आहे आणि वर सुंदर जलरंगातली बाई आहे, याचा उपयोग नाही. तिथे मागावरच्या पदराचा जवळून काढलेला फोटो हवा.

चित्र घ्यायचं ते कथेला, ललित लेखाला, विनोदी लेखाला. जिथे फोटो असूच शकत नाही अशा जुन्या प्रसंगाला. आणि जिथे माणसाची ओळख झाकायची आहे तिथे. मनाचे आजार, घरगुती हिंसाचार, दत्तक मूल अशा विषयांवर चित्र हा नुसता सजावटीचा पर्याय नाही, बऱ्याचदा तोच सुरक्षित पर्याय आहे.

एकाच लेखात दोन्ही वापरू नका. अगदी वापरायचंच असेल, तर चित्र मोठं आणि लेखकाचा किंवा लेखातल्या व्यक्तीचा चेहरा एका कॉलमात छोटा, एवढंच.

स्टॉक साइटवरचे फोटो चालतात का?

स्टॉक साइट म्हणजे तयार फोटो परवान्यानं देणारं संकेतस्थळ. परवाना घेतला असेल तर कायद्यानं चालतात. मजकुराशी जुळतात का, हा खरा प्रश्न. ‘भारतीय शेतकरी’ असं शोधलं की पंजाबी पगडी आणि गव्हाचं शेत समोर येतं. लेख असतो सोलापूरच्या ज्वारीवर. पुरवणीचा वाचक अशा चुका क्षणात पकडतो. म्हणून स्टॉकवरचा फोटो पानावर जाण्याआधी पुढच्या गोष्टी डोळ्यांखालून घाला.

पीक: ज्वारीचं कणीस भरीव आणि गोंडेदार, दाणे टपोरे, बाजरीचं लांब, नळीसारखं. या दोघांची अदलाबदल सर्रास होते. फळ: खालच्या टोकाला चोच असलेला आंबा तोतापुरी असतो, हापूसच्या लेखावर तो गेला तर कोकणातून पत्रं येतील. नोटा: ८ नोव्हेंबर २०१६ ला बाद झालेल्या जुन्या पाचशे-हजाराच्या नोटांचे फोटो स्टॉकवर अजून ढिगानं पडले आहेत, आणि २००० ची नोट चलनातून काढून घेण्याची घोषणा मे २०२३ मध्येच झाली. बचतीवरच्या लेखाला त्या लावू नका. भिंतीवरचं प्लगचं सॉकेट, गाडीचं स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे, साडी नेसण्याची पद्धत, दारावरचं तोरण: फोटो कुठला आहे हे अशा गोष्टी सांगून टाकतात. वारीच्या लेखाला ‘हिंदू यात्रेकरू’ या शोधात सापडलेला काशीच्या घाटावरचा फोटो कधीही चालणार नाही, कितीही सुंदर असला तरी.

किल्ल्यांच्या बाबतीत तर नावावर अजिबात विसंबू नका. राजगड आणि रायगड यांची नावं फोटोखाली उलटसुलट पडलेली दिसतात. सुवेळा माचीवरचं नेढं (कड्यातलं आरपार भोक) दिसत असेल तर राजगड. गंगासागर तलावाजवळचे मनोरे किंवा जगदीश्वराचं मंदिर असेल तर रायगड.

छपाईला किती मोठी फाइल लागते?

वर्तमानपत्राच्या कागदावर साधारण ८५ ते १०० रेषांचा स्क्रीन, म्हणजे इंचाला ठिपक्यांच्या तेवढ्या ओळी, वापरतात. त्याच्या दुप्पट, म्हणजे इंचाला २०० पिक्सेल मिळाले की काम भागतं. हिशेब सोपा आहे: छापायची रुंदी सेंटिमीटरमध्ये घ्या, २.५४ ने भागा, २०० ने गुणा. एका कॉलमच्या चेहऱ्याला सुमारे ३१५ पिक्सेल रुंदी पुरते, चार कॉलमना सुमारे १२६०, आणि पानाच्या पूर्ण रुंदीला २६०० लागतात.

ही रुंदी क्रॉप केल्यानंतरची आहे. चाळीस माणसांच्या समूहफोटोतून एक चेहरा काढायचा असेल तर मूळ फाइल कितीही मोठी असो, त्या चेहऱ्यापुरते पिक्सेल मोजा. फोटोशॉपमध्ये इमेज साइजच्या खिडकीत इंचाला ७२ पिक्सेलचे ३०० केल्यानं काहीच होत नाही. रिसॅम्पल सुरू ठेवून केलं तर उलट नुकसान, कारण नसलेले पिक्सेल अंदाजानं भरले जातात आणि चेहरा मेणाचा दिसायला लागतो.

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो छापता येईल का?

साध्या दर्जात पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि वरून फाइल दाबून लहानही केली जाते. न कापता तीन-चार कॉलमपर्यंत तो निभावतो. चार-पाच जणांनी सेव्ह करून पुन्हा पुन्हा पाठवलेला असेल तर निळ्या आभाळात चौकोनी ठिपके दिसू लागतात. लेखकाला सांगा: फोटो गॅलरीतून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर मेल करा. डॉक्युमेंट म्हणून आलेल्या मूळ फाइलमध्ये फोटो कधी काढला ही माहितीही शिल्लक राहते. साध्या पद्धतीनं पाठवताना ती पुसली जाते.

स्क्रीनवर झकास दिसणारा फोटो पानावर काळाकुट्ट का येतो?

कारण वर्तमानपत्राचा कागद शाई पितो. साधारण ४२ ते ४९ ग्रॅम वजनाच्या त्या करड्या कागदावर शाईचा ठिपका पसरतो, आणि मध्यम छटांमध्ये ही वाढ सुमारे २६ टक्के धरली जाते. म्हणजे स्क्रीनवर ५० टक्के करडा दिसणारा भाग छापल्यावर पाऊणशेच्या आसपास जातो. सावळा चेहरा, काळी शेरवानी, संध्याकाळचं दृश्य हे सगळं एकमेकांत मिसळून जातं.

त्यावर उपाय असा. फोटोशॉपमधलं कर्व्हज उघडून मधल्या छटा उचला, म्हणजे फिक्या करा. चेहऱ्यावर लक्ष ठेवा, पार्श्वभूमीवर नको. पार्श्वभूमी थोडी फिकी झाली तरी चालते. सर्वांत गडद जागी चारही रंगांची बेरीज २२० ते २४० टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर शाई वाळत नाही, समोरच्या पानाला लागते आणि मागच्या बाजूला उमटते. आरजीबीतून (स्क्रीनचे रंग) सीएमवायके (छपाईच्या चार शाया) करताना वर्तमानपत्राचं प्रोफाइल, म्हणजे त्या कागदासाठीची रंगांची मापं, निवडलं की ही मर्यादा आपोआप पाळली जाते. आर्ट पेपरचं प्रोफाइल निवडलं तर बेरीज ३०० च्या पुढे जाते. अगदी पांढऱ्या भागात ३-४ टक्के ठिपका राहू द्या, म्हणजे पांढऱ्या सदऱ्याची कड कागदात विरघळत नाही. शार्पनिंग स्क्रीनवर जरा जास्त वाटेल इतकं द्या.

फोटोवर पांढऱ्या अक्षरांत मथळा टाकायचा मोह टाळा. रजिस्टर, म्हणजे चार रंगांच्या ठशांची जुळणी, अर्धा मिलिमीटर हललं तरी देवनागरीतल्या बारीक वेलांट्या आणि रफार रंगात बुडतात. टाकायचाच असेल तर ठसठशीत टाइप, ३० पॉइंटच्या वर, आणि खाली नुसता काळा किंवा एकरंगी पट्टा.

फोटो कापताना काय सांभाळायचं?

माणूस सांध्यावर कापू नका: मनगट, कोपर, गुडघा, घोटा. कापायचं तर दोन सांध्यांच्या मध्ये. बघणाऱ्याच्या नजरेपुढे जागा ठेवा आणि ती नजर लेखाकडे असू द्या, पानाबाहेर नको. मोठ्या पानाची घडी बरोबर मध्यावर पडते, त्या रेषेवर डोळे येऊ देऊ नका. दोन पानांवर पसरलेला फोटो फक्त मधल्या जोडपानावरच लावता येतो. चार पानी पुरवणीत २-३, आठ पानीत ४-५. बाकी कुठेही दोन वेगळे कागद समोरासमोर येतात आणि जोड जुळत नाही.

नजर लेखाकडे यावी म्हणून फोटो आडवा उलटवला तर?

नाही. आरशासारखा उलटवलेला फोटो म्हणजे चुकीची माहिती. पदर उजव्या खांद्यावर जातो, शर्टाची बटणं उलटी होतात, पाटीवरची अक्षरं फिरतात, डावखुरा तबलजी तयार होतो. गणपतीचा फोटो उलटवला तर डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो, आणि उजव्या सोंडेच्या मूर्तीचं सोवळं-ओवळं पाळणारे वाचक ते पहिल्या नजरेत ओळखतात. नजर जमत नसेल तर फोटो पानाच्या दुसऱ्या बाजूला न्या.

एका लेखाला किती फोटो?

अर्ध्या पानाच्या लेखाला एक मोठा आणि फार तर दोन लहान. मोठा फोटो दुसऱ्याच्या निदान दुप्पट हवा. सारख्या मापाचे तीन फोटो लावले की ते लग्नाच्या अल्बमसारखं दिसतं. सत्काराचा, शाल-श्रीफळाचा आणि दीपप्रज्वलनाचा फोटो व्यक्तिचित्रणात लावू नका. माणूस काम करत असलेला हवा.

चित्रकाराला नेमकं काय सांगायचं?

आधी पूर्ण लेख पाठवा, सारांश नाही. सोबत एका कागदावर इतकं लिहा: माप कॉलम आणि सेंटिमीटरमध्ये, पान रंगीत की काळंपांढरं, चित्राच्या कोणत्या बाजूला मथळा येणार, रफ (कच्चं रेखाटन) कधी हवं आणि अंतिम फाइल कधी, मानधन किती. मग एकच वाक्य: लेख वाचून वाचकाच्या मनात काय राहायला हवं. यापुढे सांगू नका. ‘एक म्हातारी खिडकीत बसली आहे, बाहेर पाऊस आहे, हातात जुनं पत्र आहे’ असं सांगितलं तर तुम्हाला तेच मिळेल, आणि ते लेखात आधीच लिहिलेलं असतं.

काय नको हे मात्र जरूर सांगा. कथेचा शेवट चित्रात फुटू नये. पात्राचं वय, गाव, काळ यांची वस्तुस्थिती चुकू नये: १९७२ च्या दुष्काळावरच्या कथेत प्लॅस्टिकची निळी ताडपत्री नको. धर्म किंवा जात चेहऱ्यावरून ‘ओळखू यावी’ अशी अपेक्षा ठेवू नका, आणि चित्रकारानं तसं काढलं तर रफच्या पायरीवरच थांबवा.

रफ पाहून बदल सांगायची संधी एकदाच. तयार चित्रात ‘जरा रंग बदला’ म्हणणं म्हणजे पुन्हा काम करून घेणं आहे, त्याचे पैसे द्यावे लागतात.

चित्राची फाइल छापायच्या मापात इंचाला ३०० पिक्सेलला घ्या. शुद्ध काळ्या रेषांचं काम असेल तर स्कॅन ६०० ते १२०० ला, नाहीतर रेषेची कड करवतीसारखी येते. चित्रात मराठी अक्षरं असतील तर ती वेगळ्या लेयरवर मागा. सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड रेडी कंपोझर (देवनागरी अक्षरं नीट जुळवणारी सोय) सुरू नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात.

गूगलवर मिळालेला फोटो ‘साभार: इंटरनेट’ लिहून चालेल का?

चालत नाही. इंटरनेट हा छायाचित्रकार नाही. प्रताधिकार कायदा १९५७ प्रमाणे छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा माणूस. नाव छापलं म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही, आणि परवानगी मिळाली म्हणून नाव गाळता येत नाही. चालू घडामोडींचं वार्तांकन, टीका आणि समीक्षा यांना कायद्यात सवलत आहे. पण पर्यटनाच्या लेखाला शोभेचा फोटो त्या सवलतीत बसवणं कठीण.

विकिमीडिया कॉमन्स हा चांगला झरा आहे, मात्र प्रत्येक फोटोखालचा परवाना वाचा. सीसी (क्रिएटिव्ह कॉमन्स) बाय आणि सीसी बाय-एसए असेल तर छायाचित्रकाराचं नाव आणि परवान्याचं नाव, दोन्ही छापा. दुसरीकडच्या फोटोच्या परवान्यात ‘एनसी’ (फक्त बिगर-व्यावसायिक वापर) ही अक्षरं दिसली तर सोडून द्या; विकत जाणाऱ्या, जाहिराती घेणाऱ्या वर्तमानपत्राला ते झेपणारं नाही.

जुन्या चित्रकारांची चित्रं मोकळी असतात का?

भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षं हक्क टिकतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रांनाही हेच माप लागू आहे. राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारले, त्यांची चित्रं मोकळी आहेत. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे २०३१ अखेरपर्यंत परवानगी लागेल. रघुवीर मुळगावकर १९७६ मध्ये गेले. त्यांच्याबाबत २०३६ अखेर. ‘जुन्या दिवाळी अंकातलं आहे, आता कोण विचारतंय’ हा युक्तिवाद वारस दाखल झाले की टिकत नाही.

घरच्या अल्बममधला जुना फोटो कसा घ्यायचा?

मूळ फोटो घेऊन जाण्यापेक्षा तिथेच स्कॅन करा. स्कॅनचं माप असं: ८ सेंमीचा फोटो १६ सेंमीवर छापायचा असेल तर दुप्पट मोठा होणार, म्हणून २०० ची दुप्पट, म्हणजे ४०० ला. मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कुणीतरी शाईनं लिहिलेली नावं तिथे असतात. फोटोमागे बॉलपेननं काही लिहू नका, दाब पुढे उमटतो.

छापील मासिकातून फोटो घेतलात तर ठिपक्यांवर ठिपके पडून जाळी दिसते. स्कॅनरमधला डीस्क्रीन पर्याय वापरा आणि मूळ मापापेक्षा लहान छापा.

‘प्रातिनिधिक छायाचित्र’ लिहिलं की जबाबदारी संपते का?

नाही. व्यसनमुक्तीच्या लेखावर रस्त्यावरच्या ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो लावला, तर खाली काहीही लिहा, त्याच्या गल्लीत तो व्यसनी ठरतो आणि अब्रुनुकसानीचा दावा उभा राहू शकतो. गुन्हा, आजार, कर्ज, घटस्फोट, परीक्षेतलं अपयश यांना ओळखू येणारा चेहरा लावायचाच नाही, त्या व्यक्तीची लेखी संमती असल्याशिवाय.

काही बाबतींत संपादकाला निवडच नसते. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम २३ प्रमाणे मुलाचा चेहराच नाही, तर घर, शाळा, शेजार, कुटुंब, ज्यानं ज्यानं ओळख पटेल ते सगळं बाद. बालन्याय कायद्याचं कलम ७४ कायद्याशी संघर्षात आलेल्या आणि काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना लागू आहे. मानसोपचार घेणाऱ्या रुग्णाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. डोळ्यांवर काळी पट्टी मारून भागत नाही. घरचे आणि शेजारी कपड्यांवरून, उभं राहण्याच्या ढबीवरूनही माणूस ओळखतात.

नकाशा किंवा तक्ता लावताना काय तपासायचं?

भारताची बाह्यरेषा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळली पाहिजे. न जुळणारा नकाशा छापणं १९६१ च्या फौजदारी कायदा (दुरुस्ती) अधिनियमानं गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत. परदेशी स्टॉक साइटवरच्या नकाशांत जम्मू-काश्मीर तुटक रेषांनी दाखवलेलं असतं, तो नकाशा उचलूच नका. नंतर आतल्या रेषा बघा: तेलंगणा २०१४ मध्ये वेगळं झालं, लडाख २०१९ मध्ये. महाराष्ट्राच्या नकाशात ३६ जिल्हे मोजा. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून निघाला, तो नसेल तर नकाशा जुना. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर ही नावं बदलली आहेत का, तेही पाहा.

स्तंभालेखाची सुरुवात शून्यापासून हवी. लाख आणि कोटी एकाच तक्त्यात मिसळू नका.

एआयनं तयार केलेलं चित्र वापरावं का?

खऱ्या माणसाचं, खऱ्या घटनेचं, खऱ्या वास्तूचं कधीही नाही. कल्पित लेखाला वापरायचं ठरलंच, तर चित्राखाली ‘एआयनिर्मित चित्र’ हे शब्द वाचता येतील एवढ्या टाइपात छापा. पाट्यांवरची देवनागरी, हातांची बोटं, वाद्यांच्या तारा आणि नऊवारीचा काष्टा या जागा आधी बघा, चूक तिथेच सापडते. आमचं मत विचाराल तर त्या चित्राचे वाचलेले पैसे गावातल्या चित्रकाराला द्यावेत. त्याला निदान काष्टा कसा असतो हे ठाऊक आहे.

फोटोओळीत काय लिहायचं?

फोटोत जे दिसतं ते पुन्हा लिहू नका, जे दिसत नाही ते लिहा: कोण, कुठे, कधी. दोनहून जास्त माणसं असतील तर ‘डावीकडून’ लिहून क्रमानं नावं द्या आणि डोकी मोजा. नावं पाच आणि डोकी सहा हा नेहमीचा घोळ. फोटो जुना असेल तर ‘संग्रहित’ आणि वर्ष. नावाचं शुद्धलेखन लेखाशी ताडून बघा. छायाचित्रकाराचं किंवा चित्रकाराचं नाव प्रत्येक वेळी छापा.

चित्र एकदा घेतलं की पुन्हा वापरता येतं का?

ते ठरवलेल्या शब्दांवर अवलंबून आहे, म्हणून काम देतानाच मेलवर लिहा: एकदाच छापण्यासाठी की संकेतस्थळ आणि पुस्तकासाठीही. हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पगारी छायाचित्रकाराचं काम वेगळं: वर्तमानपत्रासाठी काढलेल्या फोटोचा छापण्यापुरता हक्क मालकाचा, इतर हक्क वेगळा करार नसेल तर छायाचित्रकाराचे.

लेख रद्द झाला तर चित्रकाराला पैसे द्यायचे का?

रफ पसंत झालं असेल तर निम्मे, चित्र हातात आलं असेल तर पूर्ण. चित्र छापलं गेलं नाही तर ते दुसरीकडे द्यायला चित्रकार मोकळा आहे, हे त्याच मेलमध्ये लिहून टाका.